सुती कपड्याचा हिरवा शिक्का आणि जिनिंगच्या आवारातील गंजी

प्रतिनिधी, मुंबई

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही मोठ्या मॉलमधील तयार कपड्यांच्या दालनात शिरले, की सुती टी-शर्टला किमतीच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक चिठ्ठी लटकलेली दिसते. तिच्यावर पानाचे किंवा बोंडाचे चित्र असते आणि ‘सेंद्रिय’, ‘शाश्वत’, ‘जबाबदारीने पिकवलेला कापूस’ असे काहीसे शब्द असतात. ग्राहकाला ते वाचून बरे वाटते. क्वचित त्यासाठी तो शे-दोनशे रुपये अधिकही मोजतो. मात्र हा टी-शर्ट ज्या कापसाचा झाला तो कोणत्या शेतात पिकला, असे दुकानदाराला विचारले तर उत्तर मिळत नाही. बहुतेक वेळा ते कंपनीच्या मुख्यालयातही मिळत नाही. यात कोणाची लबाडी असेलच असे नाही. कापसाची पुरवठा साखळी ज्या रीतीने बांधली गेली आहे, तिच्यात शेताचा पत्ता दुसऱ्याच टप्प्यावर पुसला जातो. हे कसे घडते आणि तो पत्ता टिकवण्याचे कोणते प्रयत्न सुरू आहेत, हे समजल्याखेरीज त्या हिरव्या चिठ्ठीचा अर्थ लागणे कठीण आहे.

कोरडवाहू कापूस

कापसाखालील क्षेत्रात भारत जगात आघाडीवर आहे आणि देशातील अशा क्षेत्रापैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे ४० लाख हेक्टरांच्या आसपास, एकट्या महाराष्ट्रात आहे. यवतमाळ, अमरावती, वर्धा, अकोला, बुलडाणा, जळगाव, जालना, परभणी हा तो पट्टा. उत्पादकतेत मात्र महाराष्ट्र देशाच्याही मागे आहे. त्याचे पहिले कारण पाणी. राज्यातील कपाशीची शेती बहुतांश कोरडवाहू आहे. मृगाचा पाऊस पडल्यावर टोबणी करायची आणि पुढे आभाळाकडे पाहत राहायचे, हा तिचा क्रम.

‘एका सुती टी-शर्टसाठी २,७०० लिटर पाणी लागते’ हा आकडा पर्यावरणविषयक लेखनात वारंवार आढळतो. तो जागतिक सरासरीचा आहे आणि त्यात पावसाचे पाणीही धरलेले असते. कालव्याच्या पाण्यावर कापूस पिकवून अरल समुद्र आटवणाऱ्या मध्य आशियाला तो लावणे आणि वणीच्या काळ्या जमिनीतील कोरडवाहू कपाशीला लावणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विदर्भातील कपाशी कोणाच्या नळाचे पाणी पळवत नाही. तिचा पर्यावरणाशी असलेला व्यवहार बिघडतो तो मुख्यतः फवारणी, बियाणे आणि जमिनीचा कस या तीन ठिकाणी.

बीटी कपाशीच्या व्यापारी लागवडीला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्या दहा वर्षांतच देशातील बहुतेक कापूस बीटी संकरित वाणांचा झाला. सुरुवातीला बोंडअळीसाठीची फवारणी खरोखरच घटली. परंतु गुलाबी बोंडअळीने कालांतराने या तंत्रज्ञानाला दाद देणे बंद केले. २०१७-१८च्या हंगामात तिने विदर्भ आणि मराठवाड्यात धुमाकूळ घातला. फुलांच्या पाकळ्या मिटलेल्याच राहून ‘डोमकळी’ दिसू लागली, की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, तो तेव्हापासून. डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड घेण्याची सवयही अळीच्या पथ्यावर पडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले आणि शासनाला काही जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घालावी लागली. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके, पाठीवर पंप आणि डोक्याच्या वर गेलेली कपाशी, अशी ती फवारणी होती. ‘शाश्वत कापूस’ या शब्दाला विदर्भात जो अर्थ आहे तो इथून सुरू होतो.

शाश्वत म्हणवणाऱ्या योजनाही एका प्रकारच्या नाहीत. सेंद्रिय कापसात रासायनिक खते, रासायनिक कीटकनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे यांना पूर्ण मनाई असते. जमीन त्या पद्धतीत आणण्यासाठी दोन-तीन वर्षांचा रूपांतरणाचा काळ जावा लागतो. ‘बेटर कॉटन’ ही स्वित्झर्लंडमध्ये मुख्यालय असलेल्या संस्थेची योजना अधिक व्यवहारी आहे. तिचा पहिला कापूस २०१०-११च्या हंगामात भारतासह चार देशांत निघाला. ती बीटी नाकारत नाही, रसायनेही सरसकट नाकारत नाही. ती कमी आणि काळजीपूर्वक वापरावीत, जमीन व पाणी राखावे, बालमजूर नसावेत, अशा अटी घालते. ‘फेअरट्रेड’चा भर शेतकऱ्याला मिळणाऱ्या किमान भावावर असतो. दुकानातील चिठ्ठीवर हे तिन्ही शब्द एकाच हिरव्या रंगात छापलेले असतात आणि ग्राहक ते एकाच अर्थाने वाचतो.

गंजीत हरवलेला पत्ता

दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी सुरू होते. विदर्भात तिच्याआधी शेतात सीतादहीची पूजा करण्याची रीत आहे. वेचलेला कापूस घरात किंवा ओसरीवर साठतो आणि पैशाची निकड लागली की विकला जातो: बाजार समितीत, कापूस महामंडळाच्या केंद्रावर, किंवा दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला. या शेवटच्या प्रकाराला ‘खेडा खरेदी’ म्हणतात. तिथे नोंद असते ती वजनाची आणि रुपयांची, शेताची नसते.

गाडी जिनिंगच्या आवारात उलटी होते आणि कापूस मोठ्या गंजीत मिसळतो. साखळीतील सर्वांत निर्णायक क्षण हाच आहे, पण तो इतका साधा दिसतो की त्याकडे कोणी पाहत नाही. थोडा हिशेब केला तर त्याचे प्रमाण लक्षात येते. भारतात रुईची एक गाठ १७० किलोची असते. कापसापासून साधारण ३४ टक्के रुई निघते, उरलेली सरकी. म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू शेतात एकरी चार-पाच क्विंटल उतारा धरला, तर एक एकर म्हणजे जेमतेम एक गाठ. व्यापारात सौदा होतो तो साधारणपणे शंभर गाठींचा. तेव्हा एका सौद्यात शंभरहून अधिक एकरांचा, म्हणजे अनेक छोट्या शेतकऱ्यांचा कापूस असतो. पुढे सूतगिरणीत सुताचा दर्जा एकसारखा राहावा म्हणून निरनिराळ्या सौद्यांच्या गाठी शेजारी शेजारी मांडून त्यांतील रुई पुन्हा एकत्र केली जाते. एका टी-शर्टच्या धाग्यात किती गावे असतील याचा अंदाज यावरून करावा.

सेंद्रिय कापूस वेगळा ठेवायचा तर त्याची गंजी वेगळी हवी, यंत्रे चालवण्यापूर्वी साफ हवीत, गाठींवरचे क्रमांक वेगळे हवेत. मोठ्या जिनिंगला हे परवडते. हंगामाच्या ऐन गर्दीत, आवाराबाहेर गाड्यांची रांग असताना, छोट्याला ते फार जड जाते. शिवाय सरकीचा प्रश्न असतो. सेंद्रिय शेतकऱ्याला बीटी नसलेले बियाणे मिळणे हीच मुळात अडचण आहे, कारण बाजारात त्याची मागणी उरलेली नाही. शेजारच्या बांधावरील बीटीचे परागकण आणि जिनिंगमधील मिसळ, अशा दोन्ही वाटांनी बीटीचा अंश त्याच्या कापसात येऊ शकतो.

‘बेटर कॉटन’ने यावर सुरुवातीपासून एक तोड काढली होती. तिला ‘मास बॅलन्स’ म्हणतात. शेतकऱ्यांनी अटी पाळून जितका कापूस विकला तितक्या प्रमाणाचे हक्क कागदोपत्री साखळीत पुढे सरकतात. प्रत्यक्ष रुई कोणत्याही रुईत मिसळली तरी चालते. दुधाच्या डेअरीत एका गवळ्याने शंभर लिटर देशी गाईचे दूध घातले, ते टाकीत मिसळले आणि टाकीतून कोणतेही शंभर लिटर ‘देशी गाईच्या खात्यावर’ विकले, तर जे होईल तसेच हे आहे. हिशेब बरोबर असतो, शेतकऱ्याला पाठबळही मिळते. पण ग्राहकाच्या अंगावरील टी-शर्टमध्ये त्या शेतकऱ्याचा एकही तंतू नसू शकतो. चिठ्ठीवर हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. युरोपातील आयातदार आणि कायदे यांचा रेटा वाढल्यावर संस्थेने नोव्हेंबर २०२३ पासून प्रत्यक्ष माल वेगळा ठेवून त्याचा माग काढण्याची पद्धतही सुरू केली. जुनी पद्धत तिच्यासोबत चालू राहिली.

कागद आणि कापूस

सेंद्रिय कापसात ‘मास बॅलन्स’ चालत नाही. तिथे माल वेगळा ठेवणे बंधनकारक आहे. म्हणूनच तिथे कागदांना अधिक मोल येते. शेतापुरते प्रमाणीकरण भारतात ‘एनपीओपी’ या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली होते. २००१ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम ‘अपेडा’च्या देखरेखीखाली चालतो. जिनिंगपासून पुढे शिलाईपर्यंत ‘गॉट्स’ हे आंतरराष्ट्रीय मानक लागू होते. त्याचा ‘सेंद्रिय’ हा शिक्का मिळवण्यासाठी कापडात किमान ९५ टक्के आणि ‘सेंद्रिय तंतूंसह बनवलेले’ असे म्हणण्यासाठी किमान ७० टक्के सेंद्रिय तंतू असावे लागतात. माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक वेळी व्यवहाराचे प्रमाणपत्र निघते. माग टिकतो तो या प्रमाणपत्रांच्या साखळीवर.

ऑक्टोबर २०२० मध्ये ‘गॉट्स’नेच जाहीर केले की भारतातील सुमारे २०,००० टन कापूस बनावट प्रमाणपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून खपवला गेला होता. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास गाठी झाल्या. संस्थेने काही कंपन्यांवर बंदी घातली. पुढल्याच वर्षी, २०२१ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतीय सेंद्रिय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता काढून घेतली आणि युरोपीय संघाने भारतात काम करणाऱ्या काही प्रमाणीकरण संस्थांना आपल्या यादीतून वगळले.

ही फसवणूक शक्य झाली त्यामागे व्यवस्थेतीलच एक दुवा होता. छोट्या शेतकऱ्याला एकट्याने तपासणीचा खर्च परवडत नाही; म्हणून नियमांनी गटाच्या प्रमाणीकरणाची सोय केली आहे. गटाची अंतर्गत तपासणी गटानेच करायची आणि बाहेरील संस्थेने त्यातील काही शेतकऱ्यांची नमुना तपासणी करायची, अशी ती पद्धत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी गट शेतकऱ्यांचा उरला नाही. तो जिनिंगवाल्याच्या किंवा निर्यातदाराच्या दप्तरात राहिला. यादीत नाव असलेल्या शेतकऱ्याला आपण ‘सेंद्रिय’ आहोत याची कल्पना नसणे आणि खरोखर सेंद्रिय शेती करणाऱ्याला अधिक भाव न मिळणे, ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘एनपीओपी’च्या आठव्या आवृत्तीत शेतकरी गटांना कायदेशीर अस्तित्व असण्याची अट घातली गेली, ती याच पार्श्वभूमीवर.

‘कस्तुरी कॉटन भारत’ हा केंद्र सरकारचा प्रयत्न या दुव्यालाच हात घालतो. भारतीय कापसाच्या या नाममुद्रेची घोषणा ७ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक कापूस दिनी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय कापूस महामंडळ आणि मुंबईतील ‘टेक्सप्रोसिल’ यांच्यात त्यासाठी करार झाला. यात प्रत्येक गाठीवर क्यूआर संकेत असतो आणि गाठ कोठून कोठे गेली याची नोंद ‘ब्लॉकचेन’वर राहते. कल्पना चांगली आहे. पण तिचा भर तंतूची लांबी, मजबुती आणि कचऱ्याचे प्रमाण या दर्जाच्या कसोट्यांवर आहे, आणि माग सुरू होतो तो जिनिंगच्या दारापासून. त्याच्या अलीकडचे गाव, शेत आणि फवारणी यांबद्दल ती गाठ काही सांगत नाही. पत्ता गंजीपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

प्रयोगशाळा काय सांगू शकते

कागद खोटे असतील तर कापड तपासून खरे-खोटे करता येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. मुंबईत त्याची सोय जुनी आहे. घाटकोपर पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावरील ‘बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन’ ही संस्था १९५४ पासूनची. गिरण्यांच्या गरजेसाठी ती उभी राहिली आणि गिरण्या गेल्यावरही टिकली. माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे ‘सिरकॉट’, तर १९२४ सालची आहे. तंतूची लांबी, बारीकपणा, मजबुती, कापडातील सूत आणि पॉलिस्टरचे प्रमाण, रंगाचा पक्केपणा हे सर्व अशा प्रयोगशाळांत निर्विवादपणे मोजता येते. कर्करोगकारक ठरू शकणारे अमाइन सोडणारे काही अॅझो रंग वापरले आहेत की नाहीत, हेही कळते. जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांविरुद्ध कायदा केल्यावर भारतीय निर्यातदारांची जी धावपळ उडाली, तिच्यातून ही तपासणी देशात रुजली आणि भारतानेही नव्वदच्या दशकातच असे अनेक रंग निषिद्ध ठरवले.

रुईत बीटीचा अंश आहे का, हे जनुकीय चाचणीने सांगता येते. त्यासाठी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर एक कार्यपद्धतीही ठरवली गेली. पण कापड उकळून, विरंजन करून, रंगवून झाले की त्यातील डीएनए इतके नष्ट होते की चाचणीला अर्थ उरत नाही. कीटकनाशकांचे अंशही या धुण्यात जवळजवळ निघून जातात. तयार टी-शर्टवरून तो सेंद्रिय शेतातला की नाही, हे सिद्ध करणारी सर्वमान्य चाचणी दुकानाच्या पातळीवर नाही. तपासणी करायची ती गंजीजवळच करावी लागते.

सुतापासून शिवणीपर्यंत

एकेकाळी हे सर्व टप्पे एकाच शहरात होते. कापसाच्या गाठी कॉटन ग्रीनला उतरत, सौदे तिथल्याच कापूस बाजारात होत आणि सूत व कापड गिरणगावात निघे. कुर्ल्याची स्वदेशी मिल हा त्याचा उपनगरातील ठळक टप्पा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ही सलगता संपली. साखळी देशभर विखुरली: रुई विदर्भ-खानदेशात, सूत दक्षिणेत किंवा गुजरातमध्ये, होजियरी तिरुपूरला, कापड भिवंडी-इचलकरंजीला. शिलाईचे काही काम मात्र साकीनाका, मरोळच्या गाळ्यांत अजूनही चालते. टप्पे जितके दूर गेले तितकी एकाची घाण दुसऱ्याला दिसेनाशी झाली.

साखळीतील सर्वांत मोठे जलप्रदूषण होते ते रंगाई व धुलाईत. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी इतकी खारवली की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची यंत्रणा बसवल्यानंतरच त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. मुंबईकरांना अधिक जवळचे उदाहरण उल्हासनगरचे. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाचे प्रकरण ‘वनशक्ती’ संस्थेने २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे नेले. पुढे जीन्स धुलाईच्या अनेक कारखान्यांना टाळे लागले. कारखाने थांबले, जीन्स थांबली नाही. धुलाईचे काम इतरत्र गेले. कापूस सेंद्रिय असला तरी जीन्स अशी धुतली गेली, तर तिच्या चिठ्ठीवरील पानाला अर्थ काय, हा प्रश्न विचारायलाच हवा. ‘गॉट्स’ शेतापलीकडे जाऊन रंगाईची रसायने आणि सांडपाणी यांवरही अटी घालते, हे त्या मानकाचे बलस्थान आहे.

टी-शर्टमधील शेतकऱ्याचा वाटा

शाश्वततेच्या चर्चेत भावाचा मुद्दा बहुधा शेवटी येतो. १५० ग्रॅम वजनाच्या टी-शर्टला कताई, विणाई आणि बेतणी यांतील घट धरून ढोबळमानाने २०० ग्रॅम रुई लागते, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम कापूस. २०२५-२६च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या दराने ६०० ग्रॅमचे ४८-४९ रुपये होतात. टी-शर्ट ४९९ रुपयांना विकला गेला तर शेतकऱ्याच्या हाती त्यातील दहा टक्क्यांहून कमी येतात, तेही सरकीची किंमत धरून. या रकमेतून बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि किलोवर ठरणारी वेचणीची मजुरी निघायची असते.

हाच हिशेब उलट बाजूने केला तर वेगळे चित्र दिसते. सेंद्रिय किंवा काळजीपूर्वक पिकवलेल्या कापसाला २० टक्के अधिक भाव द्यायचा ठरवला, तर एका टी-शर्टमागे दहा रुपयेही लागत नाहीत. हिरव्या चिठ्ठीचा टी-शर्ट शंभर-दोनशे रुपयांनी महाग असतो तो शेतकऱ्यामुळे नव्हे. वेगळी गंजी, वेगळे उत्पादन, प्रमाणपत्रांची फी, प्रत्येक टप्प्यावर टक्केवारीने वाढत जाणारा नफा आणि जाहिरात यांत तो फरक विरतो.

भावाला सरकारी धोरणाचाही धक्का बसतो. कापसावरील ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये तात्पुरते हटवण्यात आले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. कापड उद्योगाला स्वस्त रुई हवी होती, ती त्याला मिळाली. ऐन वेचणीच्या काळात खुल्या बाजारातील भाव मात्र हमीभावाच्या खाली राहिले. अशा वर्षी शेतकऱ्याने रूपांतरणाची दोन-तीन वर्षे कमी उत्पन्नावर काढावीत, अशी अपेक्षा ठेवणे अवघड आहे.

साखळी लांब असण्याला पर्याय वर्ध्यात दिसतो. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेल्या मगन संग्रहालयाच्या खादी विभागात बीटी नसलेला सेंद्रिय कापूस, परिसरातच कताई-विणाई आणि वनस्पतिजन्य रंग अशी पद्धत जपली गेली आहे. तिथल्या सदऱ्याचे गाव सांगता येते, कारण कापूस तालुक्यापलीकडे फारसा जातच नाही. उत्पादन अर्थातच थोडे आणि महाग. मुंबईच्या मॉलची भूक त्यातून भागणार नाही, हे उघड आहे. पण पत्ता टिकवणे अशक्य नाही, एवढे त्यातून कळते. यवतमाळचे सुभाष शर्मा यांच्यासारख्या रसायनमुक्त शेती करणाऱ्या शेतकऱ्याला २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या वाटेने जाणाऱ्यांचा कापूस मात्र बाजारात पोहोचल्यावर इतरांच्याच गंजीत पडतो.

ग्राहकाच्या हाती

दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत, पण आहेत. ‘गॉट्स’च्या खऱ्या चिठ्ठीवर प्रमाणीकरण संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक छापलेला असतो, तो मोबाइलवर त्या संस्थेच्या सार्वजनिक यादीत तपासता येतो. क्रमांक नसलेले नुसते पान म्हणजे केवळ चित्र. ‘बेटर कॉटन’चा उल्लेख असेल तर तो ‘मास बॅलन्स’चा आहे की प्रत्यक्ष मालाचा, हे पाहावे. ‘पर्यावरणस्नेही’, ‘निसर्गाच्या जवळचे’ असे मोघम शब्द आता कायद्याच्या कक्षेत आले आहेत. मुंबईतील जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे ‘अस्की’ची, हरित दाव्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी २०२४ मध्ये लागू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांना आळा घालणारी तत्त्वे जारी केली. दावा करणाऱ्याने त्याचा पडताळता येईल असा पुरावा द्यावा, असे ती सांगतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

युरोपात याहून पुढचे पाऊल पडत आहे. तेथील जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार वस्तूंना ‘डिजिटल पासपोर्ट’ देण्याची योजना असून कापडाला त्यात अग्रक्रम आहे. निर्यातदारांना तो द्यावा लागेल तेव्हा अंधेरीच्या गाळ्यात शिवल्या जाणाऱ्या मालाचाही माग मागे, जिनिंगपर्यंत, काढावा लागेल. देशी बाजारातील कपड्यासाठी अशी सक्ती नाही.

कपडा जितका अधिक काळ वापरात राहील तितका त्याच्या निर्मितीचा भार विभागला जातो, आणि या बाबतीत उपनगरांत एक जुनी व्यवस्था आहे, जिला कोणतेही प्रमाणपत्र नाही. स्टीलची भांडी डोक्यावर घेऊन जुने कपडे मागत फिरणारी बोहारीण चाळींतून आता कमी दिसते आणि नव्या टॉवरचा पहारेकरी तिला फाटकाशीच अडवतो. पण मुलुंड, घाटकोपरच्या जुन्या सोसायट्यांत तिचा आवाज अजून ओळखीचा आहे. या व्यवसायात गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दोन पँट आणि एका साडीवर पातेले द्यायचे की नुसता डबा, यावरची घासाघीस हे मराठी घरातले नित्याचे दृश्य होते. घेतलेले कपडे निवडले, धुतले, दुरुस्त केले जातात आणि जुन्या बाजारातून मजुरांपर्यंत पोहोचतात. जे अंगावर घालण्याजोगे उरत नाही त्याच्या चिंध्या होऊन त्या गॅरेज आणि कारखान्यांत यंत्रे पुसायला जातात.

निव्वळ सुती चिंधीला याहून चांगले मरणही असते. पुण्याच्या हातकागद संस्थेत, जी १९४० मध्ये सुरू झाली, सुती चिंध्या आणि कतरणीपासून लगदा करून कागद बनवला जातो. शर्त एकच, की चिंधीत पॉलिस्टर नसावे. आजच्या ‘सुती’ कपड्यांतील मोठा वाटा मिश्र धाग्याचा किंवा ताण घेणाऱ्या इलॅस्टेनचा असतो; शिवणीचा दोराही बहुधा पॉलिस्टरचाच. असा कपडा लगद्यात विरघळत नाही आणि मातीतही पूर्ण कुजत नाही. मुलुंडचे डम्पिंग ग्राउंड ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाल्यावर तिथला जुना कचरा उपसून वेगळा करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. अशा जुन्या ढिगांतून वर्षानुवर्षांनंतरही न कुजलेले निघणारे जे जिन्नस असतात, त्यांत प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर कापडाचे तुकडेही असतात.